प्रश्नांची पेटी पुरुषांपुढेही ठेवा

आपल्या वस्त्यांत आरोग्याचे कार्यक्रम होत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. ८ मार्च आला की महिला मेळावा होतो. रमाई जयंतीला आरोग्य शिबिर होते. विहारात सतरंजी अंथरली जाते, बॅनर लागतो, एखाद्या डॉक्टरबाई येतात, पाळी, पांढरे जाणे, रक्त कमी असणे, दोन मुलांतले अंतर यांवर तासभर बोलतात. पॅडची पाकिटे वाटली जातात, फोटो निघतो. मंडळाची मुले खुर्च्या लावतात, माईक तपासतात आणि मग त्यांच्यातलाच एक जण म्हणतो, "चला रे, आता बायकांचा विषय आहे." सगळी मुले बाहेर पडतात.

चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, घाटकोपर या पट्ट्यातील वस्त्यांमध्ये बैठका घेताना हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्यावरच लिहिणे भाग आहे. कारण आमच्या मते वस्तीतील लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या शिक्षणाची सर्वात मोठी उणीव या एका वाक्यात आहे. जो निम्मा समाज खोलीबाहेर जातो, घरातले बहुतेक निर्णय त्याच्याच हातात असतात. आपण शिकवतो बाईला, आणि ठरवतो पुरुष. म्हणून शिकवलेले खोलीच्या उंबऱ्यावरच राहते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बाईसाठी चाललेले एकही काम कमी करू नका. पण या पुढे वस्तीत लैंगिक आरोग्याचा कोणताही कार्यक्रम पुरुषांना आणि तरुण मुलांना वगळून होता कामा नये. हा "बायकांचा विषय" नाही. तो जितका बाईच्या शरीराचा आहे, तितकाच पुरुषाच्या वागण्याचा आहे.

ऑपरेशन कोणाचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) एक आकडा प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा असा आहे. देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करून घेतले आहे. ज्यांच्या पतीने नसबंदी केली आहे, अशांचे प्रमाण आहे ०.३ टक्के. निरोध वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्याही आत आहे.

आता वैद्यकीय बाजू पाहा. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत एका बारीक छिद्रातून वीर्यातील बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. भूल फक्त त्या जागेपुरती. माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. दोन्हींत कमी धोक्याचे आणि कमी खर्चाचे ऑपरेशन पुरुषाचे आहे. तरीही हजार जोडप्यांमागे पुढे येणारे पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

याला इतिहासही आहे, आणि तो वस्तीने विसरलेला नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ६० लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. पोलीस, रेशनकार्ड, नोकरी, घराचा कागद अशा कशा ना कशाचा धाक घालून गरिबांना शिबिरात नेले गेले. याच काळात महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. लोकांनी त्या जुलमाचा राग मतपेटीतून काढला. त्यानंतर सरकारांनी पुरुषांना हात लावणे सोडले आणि तोच भार उचलून बाईच्या पोटावर ठेवला. सक्ती चूक होती, यात शंका नाही. पण सक्तीच्या जागी समजावणे यायला हवे होते. ते आले नाही. आली ती बाईच्या ऑपरेशनची शिबिरे.

त्या शिबिरांचा शेवट काय होऊ शकतो, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसले. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकण्यात आली आणि १३ बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. मरण पावलेल्या त्या बायकांच्या नवऱ्यांना नसबंदीबद्दल कधी कोणी बसवून सांगितले होते का, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

माहिती तिच्याकडे, निर्णय त्याच्याकडे

दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात. महापालिकेच्या आरोग्यसेविका घरभेटीला येतात सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान. त्या वेळी नाक्यावर, सफाईच्या गाडीवर, रिक्षावर, गोदामात असलेला नवरा घरी नसतो. त्या बाईलाच तांबी, 'छाया' गोळी, 'अंतरा' इंजेक्शन समजावून सांगतात. बाई ऐकते, तिला पटतेही. आणि मग म्हणते, "ताई, मला कळलं हो. पण घरी कोण ऐकतं?" हे वाक्य अज्ञानाचे नाही. ज्ञान आहे आणि अधिकार नाही, अशा बाईचे ते वाक्य आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बाईच्या अंगावरून पांढरे जाते. थोडा पातळ, वास नसलेला स्राव असणे हे नेहमीचे आहे, त्याला औषध लागत नाही. पण त्याला घाण वास येत असेल, तो पिवळा-हिरवट किंवा दह्यासारखा असेल, खाज, जळजळ, ओटीपोटात दुखणे असेल, तर तो संसर्ग असू शकतो. बाई धीर करून दवाखान्यात जाते, गोळ्या घेते, बरी होते. महिन्याभरात त्रास पुन्हा सुरू. कारण यातले काही संसर्ग संबंधांतून पसरतात आणि नवऱ्याने औषध घेतलेलेच नसते. अनेकदा पुरुषाला स्वतःला काही लक्षण जाणवत नाही, म्हणून "मला काय झालंय?" म्हणत तो दवाखान्याची पायरी चढत नाही. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये अशा संसर्गाचे औषध दोघांनाही मोफत मिळते. दोघांनी एकाच वेळी उपचार घेतल्याशिवाय हा फेरा तुटत नाही. तो न तुटल्यामुळे पुढे काय होते? वारंवारच्या त्रासाला कंटाळलेल्या बाईला कोणीतरी सल्ला देते, "पिशवीच काढून टाक." नवऱ्याच्या चार दिवसांच्या गोळ्यांनी सुटणारा प्रश्न बाईचा अवयव गमावून संपवला जातो.

दुसरे उदाहरण गर्भपाताचे. या विषयावर आपल्याकडे दबक्या आवाजात बोलतात, म्हणून आम्ही मोठ्याने बोलतो. १९७१ पासून या देशात गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि काही विशिष्ट परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने तो करता येतो. १८ वर्षे पूर्ण झालेल्या बाईला स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. बाई अविवाहित असली तरी तिला हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले. गर्भलिंग तपासणे हा गुन्हा आहे, गर्भपात हा नाही. या दोन वेगळ्या कायद्यांची गल्लत झाल्याने कितीतरी बायका सरकारी रुग्णालयात जायलाच घाबरतात.

मग त्या काय करतात? मेडिकलमधून गोळ्या आणतात. २०१५ सालच्या परिस्थितीचा एक राष्ट्रीय अभ्यास 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्यानुसार त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. या गोळ्या योग्य वेळी, तपासणीनंतर घेतल्या तर सुरक्षित आहेत. पण किती आठवडे झाले ते न पाहता, गर्भ नळीत तर नाही ना हे न तपासता, रक्त किती कमी आहे हे माहीत नसताना घेतल्या तर जीवावर बेततात. आणि काउंटरवर ती गोळी आणायला बरेचदा कोण जाते? नवरा. किंवा मुलीचा मित्र. दोन तास सलग तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप असेल, चक्कर येत असेल किंवा पोटात एका बाजूला असह्य दुखत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे, हे गोळी आणणाऱ्या त्या पुरुषाला कोणी सांगितलेले असते का? बाई खोलीत रक्ताने भिजत असते, आणि तो "होईल कमी" म्हणत बसतो. ही क्रूरता नसते. त्याला काही कळतच नसते. पण त्याच्या न कळण्याची किंमत तिच्या जीवाने मोजली जाते.

चिठ्ठ्यांमध्ये काय असते

पुरुषांना या विषयात रस नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एक प्रयोग करून पाहायला सांगतो. रविवारी सकाळी व्यायामशाळेत किंवा वंदनेनंतर विहारात पंधरा-वीस पुरुष बसवा. एक कुलूपबंद पेटी ठेवा. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि सांगा की नाव लिहायचे नाही, मनातला प्रश्न लिहायचा. कोणालाच वेगळे वाटू नये म्हणून प्रश्न नसणाऱ्यानेही कोरा कागद टाकायचा. पेटी उघडली की कोरे कागद फारसे निघत नाहीत. आमच्या बैठकांमध्ये वारंवार येणारे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देतो.

"नसबंदी केल्यावर ओझे उचलता येते का? मर्दानगी जाते का?" आठवडाभर जड काम टाळायचे, नंतर नेहमीप्रमाणे उचलता येते. अंडकोषांना हात लावला जात नाही, म्हणून शरीरातील पुरुषी संप्रेरके, इच्छा, ताकद, वीर्य बाहेर येणे हे सारे तसेच राहते. वीर्यात फक्त बीज नसते. मात्र ऑपरेशनच्या दिवसापासून साधारण तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून बीज उरले नाही याची खात्री करायची. ही शेवटची गोष्ट न सांगितल्यामुळे दिवस जातात, आणि संशय बाईवर घेतला जातो.

"मित्र म्हणतात, हाताने केल्यावर नपुंसकता येते. झोपेत धात जाते, मी खंगत चाललो आहे का?" नाही. दोन्ही नैसर्गिक आहेत, त्याने अशक्तपणा येत नाही. लोकल गाडीच्या डब्यात आणि पुलाखालच्या भिंतींवर 'गुप्तरोग' अशी चिकटवलेली जाहिरात या भीतीवरच पोट भरते. कष्टाचे पैसे त्या तंबूत घालू नका.

"मला तीन मुलीच आहेत. दोष बायकोत आहे का?" मूल मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावरून ठरते. बाईच्या बीजात एकाच प्रकारचे लिंगसूत्र असते, पुरुषाच्या बीजात दोन प्रकारची. पण याला दोष म्हणणेच चूक आहे. मुलगी होणे हा दोष नाही.

"लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. घरचे दुसरे लग्न कर म्हणतात." आधी दोघांनीही तपासणी करा. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वात सोपी आणि स्वस्त तपासणी आहे, तरी ती सर्वात शेवटी होते. तोवर बाईचे उपास, गंडे-दोरे आणि टोमणे सगळे होऊन गेलेले असते.

"बायको नको म्हणते तेव्हा काय करायचे?" थांबायचे. लग्न म्हणजे कायमची परवानगी नव्हे.

या शेवटच्या प्रश्नावर खोलीत नेहमी शांतता पसरते. कोणी हसत नाही. आमचा अनुभव असा, की तिथून पुढे खरे बोलणे सुरू होते. मुले सांगतात की जे कळले ते मोबाईलवर कळले. मोबाईलवरच्या त्या चित्रफितींत कोणी कोणाला विचारत नाही, कोणी नको म्हणत नाही, निरोध वापरत नाही, आणि बाईला दुखते ते दाखवत नाहीत. अशा शिकवणीवर वाढलेला मुलगा उद्या नवरा होणार आहे. शाळेने त्याला यातले काही शिकवले नाही. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. त्या वर्षी सातवी-आठवीत असलेली मुले आज तिशीत आहेत, बाप आहेत. ज्यांना कोणी काही सांगितले नाही, त्यांच्याकडून आपण आपल्या मुलांना सांगण्याची अपेक्षा करतो आहोत.

बाबासाहेब या विषयापासून दूर राहिले नाहीत

"विहारात असले विषय कशाला?" हा आक्षेप आम्हाला आपल्याच ज्येष्ठांकडून ऐकावा लागतो. त्यांच्याविषयी आदर ठेवून आम्ही इतिहासाकडे बोट दाखवतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या काळात भलेभले सुधारक कर्व्यांच्या सावलीला उभे राहत नव्हते, त्या काळात बाबासाहेबांनी लोकांचा प्रश्न विचारण्याचा आणि त्याचे खरे उत्तर मिळण्याचा हक्क न्यायालयात लढवला. आमच्या पेटीतल्या चिठ्ठ्या आणि कर्व्यांच्या वाचकांची पत्रे यांत फरक आहे तो फक्त नव्वद वर्षांचा.

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात, असा ठराव आला. स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने तो मांडला. बाईला मूल नको असेल, मग कारण कोणतेही असो, तिला गर्भ टाळता आला पाहिजे आणि तो निर्णय सर्वस्वी तिच्या निवडीवर असला पाहिजे, अशी त्या भाषणाची भूमिका होती. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडली. ज्या घरात रमाईंनी पाच लेकरांना जन्म देऊन चार गमावली, त्या घरातून हा विचार आला होता, हे आपण विसरू नये. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी लग्नाची घाई करू नका आणि जास्त मुले होऊ देऊ नका, असे भगिनींना सांगितले.

या सगळ्यात आमच्या विषयाचा मुद्दा असा, की न्यायालयात आणि विधानसभेत हे प्रश्न घेऊन उभे राहणारे पुरुष होते. हा "बायकांचा विषय" आहे म्हणून ते बाहेर गेले नाहीत. आज बाबासाहेबांच्या नावाच्या सभागृहातून मुलगे बाहेर पडतात, हे आपल्याला खटकले पाहिजे. शिवाय, आपण दर रविवारी पाच शीले म्हणतो. त्यातले तिसरे शील कामवासनेच्या बाबतीत अनाचार न करण्याचे आहे. ज्याबद्दल आपण कधी बोलतच नाही, ते शील मुलांनी पाळायचे कसे?

दुसरा आक्षेप असतो, "मुले बिघडतील." लैंगिक शिक्षणाने मुले लवकर संबंध ठेवू लागतात, असे जगभरच्या अभ्यासांत आढळलेले नाही, हे युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. मुले बिघडतात ती अर्धवट माहितीने. आणि माहिती नसल्याची शिक्षा मुलींना होते. मुलीच्या मोबाईलवर मुलाचा मेसेज सापडला की सोळाव्या वर्षी तिची शाळा सुटते आणि गावाकडे स्थळ पाहिले जाते. त्याच पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते. म्हणजे पाचातली एक. हे लग्न ठरवणारे बाप, काका, मामा, भाऊ कोणत्या आरोग्य शिबिरात बसले होते?

तिसरा आक्षेप खरा आहे. "हे सरकारचे काम आहे." होय, आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, आणि त्यात मुलींबरोबर मुलगेही येतात. किशोरवयीनांसाठी राज्यात 'मैत्री' क्लिनिके आहेत. पण आपल्या वॉर्डातले ते क्लिनिक कुठे, कोणत्या वारी, किती वाजता उघडते, हे सांगता येणारा मुलगा आम्हाला क्वचित भेटतो. बृहन्मुंबईतील दहापैकी चार माणसे झोपडपट्टीत राहतात, असे २०११ ची जनगणना सांगते. एवढ्या लोकांसाठीची सोय कागदावर राहू नये, यासाठी मागणी करणे हे आपले काम आहे.

काय करता येईल

वस्तीतल्याच माणसाला शिकवले तर काय घडू शकते, याचा पुरावा मुंबईतच आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी झाली. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या स्त्रिया होत्या, आणि साधन होते व्हिनेगरसारखे पातळ आम्ल. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटाला केवळ माहिती मिळाली, तपासणी मिळाली नाही, आणि यावर पुढे योग्य ती टीकाही झाली. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. आपल्याच गल्लीतली शिकवून तयार केलेली व्यक्ती जीव वाचवू शकते. आणि नुसती माहिती पुरत नाही, तिच्या शेजारी दवाखान्याचा दरवाजा उघडा असावा लागतो.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि करता येण्यासारख्या आहेत.

एक. प्रत्येक विहार समितीने महिन्यातून एक रविवार ठरवावा. एक बैठक बायकांची, एक पुरुषांची, एक किशोरवयीन मुलांची आणि एक मुलींची. वर्षातून दोनदा नवरा-बायकोंची एकत्र बैठक. प्रत्येक ठिकाणी प्रश्नांची पेटी. उत्तरे डॉक्टर, नर्स किंवा प्रशिक्षित कार्यकर्त्यानेच द्यावीत. अंदाजाने कोणी बोलू नये.

दोन. वस्तीतील दोन-तीन सुशिक्षित, विश्वासू तरुण पुरुषांना या कामासाठी तयार करावे. महापालिकेकडे मागणी करावी, की आरोग्यसेविकांच्या जोडीला पुरुष आरोग्य कार्यकर्तेही नेमा आणि संध्याकाळी सातनंतर भेटी ठेवा. आरोग्यसेविकांवर आणखी एक काम विनामोबदला लादू नका. तुटपुंज्या मानधनावर त्या आधीच खूप करतात.

तीन. विहाराच्या फलकावर कायम लिहून ठेवा: जवळचे आरोग्य केंद्र, त्याची वेळ, 'मैत्री' क्लिनिकचा वार, सुरक्षा क्लिनिक आणि एचआयव्ही तपासणीचे ठिकाण. एचआयव्हीसाठी मदत क्रमांक १०९७, बालविवाह रोखण्यासाठी १०९८, संकटातील महिलांसाठी १८१. निरोधाची पाकिटे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, हेही लिहा.

चार. १८ वर्षांखालील मुलीला दिवस गेले असतील, तर लपवाछपवी करून तिला भलत्या ठिकाणी नेऊ नका. तिच्या गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरला तिचे नाव उघड करावे लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. भीतीने उशीर करू नका, उशिराने धोका वाढतो.

पाच. जयंतीच्या वर्गणीतला छोटासा हिस्सा या कामासाठी राखून ठेवा. ध्वनिक्षेपकाच्या एका दिवसाच्या भाड्यात वर्षभराच्या बैठकांचा चहा आणि माहितीपत्रके होतात.

आणि शेवटी एक विनंती वाचक बंधूंना. हा अंक घरात आला की आरोग्याचे पान बहुधा घरातल्या भगिनी वाचतात आणि पुरुष अग्रलेखाकडे वळतात. या वेळी हे पान तुम्ही वाचा, मुलालाही वाचायला द्या. पुढच्या महिला मेळाव्यात खुर्च्या लावून झाल्या की बाहेर जाऊ नका. विहार समितीला विचारा, "आमची बैठक कधी?"

जय भीम!